भावी साहेब

पुण्यात सदाशिव पेठेपासून नव्या पेठेपर्यंत कुठल्याही चहाच्या टपरीवर सकाळी उभे राहा, भावी साहेब भेटणारच. पाठीवर सॅक, हातात अर्धा चहा, तोंडात घटनादुरुस्ती. वय 27 वाटतं, विचारलं तर 31 निघतं. गावाकडे त्याला आतापासूनच ‘साहेब’ म्हणतात, अभ्यासिकेत सगळे एकमेकांना ‘सर’ म्हणतात, आणि खाणावळीच्या मावशी त्याला ‘ए, मागच्या महिन्याचे राहिलेत’ म्हणतात. हा राज्यसेवेची तयारी करतो. कधीपासून, हे विचारायचं नसतं.

या देशाचा इतिहास आणि कारभार याच्याइतका पाठ असलेला नागरिक दुसरा सापडणार नाही. संविधान 26 नोव्हेंबर 1949 ला स्वीकारलं, हे तो झोपेत सांगतो. ते तयार करायला 2 वर्षे, 11 महिने लागले इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. वरचे दिवस 17 की 18, यावरून त्याच्या अभ्यासिकेतले दोन जिवलग मित्र आठवडाभर बोलत नव्हते. जिल्हा परिषदा कुठून आल्या? वसंतराव नाईक समिती, 1960, शिफारशी 226. मग बोंगिरवार समिती, 202. मग पी. बी. पाटील समिती, 184. मी एकदा म्हटलं, ‘‘त्या 226 पैकी एखादी शिफारस सांग की.’’

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘‘काका, ते विचारत नाहीत.’’

इतिहासातली थोर माणसंही त्याच्याकडे अशीच आटोपशीर होऊन येतात. जन्मगाव, साल, वर्तमानपत्र. आगरकर : टेंभू, 1856, ‘सुधारक’ 1888. पुढचा! सत्यशोधक समाज 1873, प्रार्थना समाज 1867, जोड्या लावा. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा, हे त्याला पाठ. पोस्ट निघाली की पोराचा भाव काय, हे त्याच्या वडिलांना पाठ. दोघांच्या अभ्यासक्रमात एकही धडा समान नाही, त्यामुळे घरात वाद होत नाही. मतदानाचं वय 21 वरून 18 वर आणणारी घटनादुरुस्ती 61 वी, हे तो चटकन सांगतो. स्वतः मत मात्र क्वचित देतो, कारण नाव गावच्या यादीत आणि दुसऱ्या दिवशी इथं टेस्ट सिरीज.

बोलणंही प्रश्नपत्रिकेच्या वळणावर गेलंय. खोलीतला जोडीदार म्हणाला, ‘‘आज मेस बंद आहे, आणि माझ्याकडे पैसे नाहीत,’’ तर हा उत्तर देतो, ‘‘दोन्ही विधानं बरोबर, पण दुसरं हे पहिल्याचं कारण नाही.’’ चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणून खात्री नसेल तो प्रश्न सोडून द्यायचा, ही शिकवण त्याच्या हाडात मुरली आहे. लग्नाचं काय? सोडून दिला. यंदा नाही झालं तर पुढं काय? सोडून दिला.

त्यात आयोगानं मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायची ठरवली. चार पर्याय गेले, ‘चर्चा करा’ आलं. 2023 च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर बसली, ती ही पद्धत 2025 पासून लागू करा म्हणून. मागणी मान्य झाली. शांततेने एकत्र जमण्याचा हक्क देणारं कलम 19 त्यानं आयुष्यात एवढं एकदाच वापरलं, आणि तेही स्वतःचं मत लिहायची वेळ पुढं ढकलण्यासाठी.

मागच्या 15 ऑगस्टला साहेब गावी गेले. आत्याबाई म्हणाल्या, ‘‘बाबा, तलाठ्याकडनं माझा सातबारा आणून दे.’’ साहेबांनी दुरुस्ती केली, ‘‘आत्या, आता तलाठी नाही, ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं.’’ ‘‘अगं बाई! बदली झाली व्हय त्याची?’’ आत्याबाई हळहळल्या. ‘‘बरा होता की.’’ सातबारा शेवटी त्यांनी स्वतःच जाऊन आणला. तो माणूस चावडीवर नसला तर कुठल्या हॉटेलात बसतो, हे त्यांना ठाऊक होतं. ते कुठल्याच गाइडमध्ये नव्हतं.

त्याच दिवशी ग्रामसभा होती. विषय एकच : पाण्याची नवी टाकी कुठं बांधायची. वरच्या आळीच्या बायकांना लांबून पाणी आणावं लागतं, म्हणून त्या कधी नव्हे त्या ठरवून आल्या होत्या. मारुतीच्या देवळासमोर चाळीसेक माणसं. सरपंचांनी विषय वाचला आणि साहेब उठले. ‘‘हरकत आहे. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती इथं नाही.’’

टाळ्या पडल्या. वडिलांनी मिशीवरून हात फिरवला. आणि सरपंचांचा चेहरा एकदम उजळला. ‘‘साहेब म्हणतात ते कायद्याला धरून आहे. सभा तहकूब!’’

साहेब रात्रीच्या एसटीनं पुण्याला आले. तहकूब सभा भरली तेव्हा बायका खुरपणीला गेल्या होत्या, साहेब टेस्टला बसले होते, आणि सभेला सरपंच व त्यांची भावकी होती. तहकूब झालेल्या सभेला गणपूर्ती लागत नाही. टाकी सरपंचांच्या आळीत मंजूर झाली.

आईचा फोन आला तेव्हा तो टपरीवर माझ्याशेजारीच उभा होता. फोन स्पीकरवर. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, ‘‘नियमात आहे, आई. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. हा प्रश्न येऊ शकतो.’’

‘‘त्यो येऊ दे, न्हाईतर न येऊ दे,’’ आई म्हणाली. ‘‘तू एवढा शिकलायस, तर आता तूच सांग. आमी वरच्या आळीच्या बायकांनी काय करावं? तुला काय वाटतं?’’

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. कपाळाला आठी पडली. अभ्यास पणाला लागल्याचं दिसत होतं.

‘‘पर्याय काय काय आहेत?’’ त्यानं विचारलं.