घोड्याला जागा हवी

माझी अट एकच होती: जागा हमरस्त्यावरून दिसली पाहिजे. सकाळी रपेटीला निघावं आणि बघायला साधी एसटीही नसावी, तर मग सायकल काय वाईट?

मुळशीकडचा एक तुकडा नजरेत भरला. डोंगर, धरणाचं पाणी, झकास व्ह्यू. सोबतचे नालबंद चाचा मात्र टाचेनं माती दाबून बघत होते. "पावसाळाभर ओल हटणार नाही, साहेब. खूर सडतील." शेजारच्या तबेल्यातल्या घोडीचा पाय उचलून त्यांनी सुरीच्या टोकानं तळवा खरवडला. काळा चिखल निघाला आणि असा कुजका वास आला की मी व्ह्यूकडे तोंड फिरवलं. घोडीनं कानही हलवला नाही. सवयीचं असावं.

मग दौंडकडे वळलो. हा भीमथडी तट्टांचा मुलूख, त्यामुळे जमिनीचा विषय जरा थांबवतो. बुटकी, काटक, मिळेल त्या गवतावर चालणारी ही तट्टं मराठ्यांच्या घोडदळात होती. आज ती धनगरांच्या वाड्यांबरोबर मैलोन्मैल चालतात; पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू. घोड्यावर याहून मानाची स्वारी मी पाहिलेली नाही. मला मात्र उंच मारवाडीच हवा! सारंगखेड्याच्या यात्रेत ते आत वळलेले कान बघितल्यापासून तट्टू डोळ्यांत भरत नाही. शेवटी आमचे पूर्वज 1761 साली पानिपतावर होते. घोड्यावर होते की घोड्यामागे, हे घरात कुणी विचारत नाही.

तर जमीन. दौंडचा एजंट म्हणाला, "पाण्याची काळजीच नको." म्हणजे पाणी नव्हतं. घोड्याला दिवसाला 25 ते 40 लिटर लागतं. उन्हाळ्यात हा काय टँकर पाठवणार होता? वर सातबारा मयतांच्या नावांनी भरलेला. आणि शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असल्याचा दाखला आणा.

आजोबांची जमीन होती. मुरमाड, उताराची, पाणी न साचणारी, बांधाला विहीर. घोड्यासाठी अगदी मापातली. पोरांच्या फीसाठी त्यांनी ती विकली, म्हणून मी आज पगारावर घोड्याची स्वप्नं बघतो. व्यवहार वाईट म्हणवत नाही. तरी त्या गावावरून जाताना मी गाडीची काच वर करतो.

चाचांनी शेवटचा खिळा ठोकला: "घोडा एकटा राहत नाही, साहेब. जोडीला दुसरा घ्या, नाहीतर निदान शेळी."

बायकोनं शेळीला तत्काळ मंजुरी दिली. ती गच्चीत मावते.