सभापतीकाका

आमच्या सोसायटीत नळाला पाणी येवो न येवो, सभेला सभापती असतोच. काकांचं खरं नाव शेअर सर्टिफिकेटवर असेल. आम्ही सगळे त्यांना सभापतीकाकाच म्हणतो. मूळचे सदाशिव पेठेतले, नोकरी सरकारी, निवृत्तीनंतर कोथरूडला. हा प्राणी पुण्यात दुर्मीळ नाही. व्याख्यानमाला, ज्येष्ठ नागरिक संघ, भिशी, कुठेही खुर्ची मोकळी दिसली की हा सहज टेकतो, आणि एकदा टेकला की तिला बूड चिकटतं.

पण आमच्या काकांना सत्ता नको असते. खजिनदार व्हा म्हटलं तर अंगावर पाल पडल्यासारखे झटकतात. त्यांना हवी असते फक्त खुर्ची, आणि तीही वरच्या सभागृहाची. विधानसभा त्यांच्या मते गोंगाटाची जागा. खरी शान विधान परिषदेची. ७८ सदस्य, त्यात राज्यपालनियुक्त १२, आणि वर सभापती. पुण्यातल्या कौन्सिल हॉलवरून रिक्षा गेली की ‘इंग्रजांच्या काळात पावसाळी अधिवेशन इथं भरायचं बरं का’ हे वाक्य ठरलेलं. रिक्षावाल्यालाही.

त्यांचं दैवत वि. स. पागे. १९६० ते १९७८, सलग अठरा वर्षं सभापती! त्याच खुर्चीवरच्या माणसानं महाराष्ट्राला रोजगार हमी योजना दिली. आमच्या काकांच्या कारकिर्दीत सोसायटीला जिन्यातला दिवा मिळाला, तोही दुसऱ्या मजल्यापर्यंतच. पागेंच्या खालोखाल जयंतराव टिळक. ‘केसरी’वाले, म्हणजे घरचेच. २०२२च्या जुलैत रामराजे नाईक निंबाळकरांची मुदत संपली आणि २०२४च्या डिसेंबरात राम शिंदे बिनविरोध येईपर्यंत ती खुर्ची रिकामी राहिली, तेव्हा काकांना सुतक लागल्यासारखं झालं होतं. ‘उपसभापती नीलमताई सांभाळतायत, त्या पुण्याच्याच आहेत,’ असं आम्ही समजावायचो. ‘सांभाळतायत हो,’ ते म्हणायचे, ‘पण खुर्ची ती खुर्ची.’

सभा पार्किंगमध्ये भरते. काकांसमोर तुळशीबागेतून आणलेली पितळी घंटा. कोणी शेजाऱ्याशी थेट भांडू लागला की टण्‌! ‘सन्माननीय सदस्यांनी माझ्याकडे बघून बोलावं.’ कुत्र्याच्या विष्ठेवरून एकदा जे शब्द उच्चारले गेले ते ‘कामकाजातून काढून टाकण्यात येत आहेत’. ते शब्द मात्र पूर्ण आळीला पाठ आहेत. स्वतःला मधेच लघुशंकेला जावं लागलं तर तळमजल्यावरच्या नवख्या भाडेकरूला तालिका सभापती नेमून जातात. बिचारा खुर्चीवर न बसता नुसता तिला धरून उभा राहतो.

परवा लिफ्टचा विषय आला. जुनी लिफ्ट आठवड्यातून दोनदा बसते. नवी बसवावी, ही मागणी लावून धरली होती खुद्द काकूंनी. गुडघे त्यांचे, आणि घर तिसऱ्या मजल्यावर. हात वर झाले: अकरा बाजूनं, अकरा विरुद्ध. काकांनी आधी मत दिलंच नव्हतं. सहकारी सोसायटीत अध्यक्षाला सदस्य म्हणून एक मत असतं आणि समसमान झाली तर निर्णायक मत वेगळं. पण काका घटनेचं कलम १८९ पाळतात: सभापतीनं आधी मत द्यायचं नाही, तिढा पडला तरच द्यायचं. आता तो पडला होता.

काका उभे राहिले आणि थेट अर्जेंटिनात पोहोचले. तिथं देशाचा उपराष्ट्रपतीच सिनेटचा सभापती असतो, त्यालाही मत फक्त बरोबरी झाली तर. जुलै २००८मध्ये शेतमालाच्या निर्यातीवरच्या करावरून सिनेटमध्ये रात्रभर चर्चा झाली, पहाटे मतं पडली ३६ विरुद्ध ३६. खुर्चीवर होते हुलिओ कोबोस. राष्ट्राध्यक्ष क्रिस्तिना किर्चनेर यांच्यासोबतच निवडून आलेले. आणि त्यांनी मत दिलं ते आपल्याच सरकारच्या विरोधात!

‘कर गेला का मग?’ तळमजल्यावरच्यानं विचारलं.

‘तो मुद्दा नाही. खुर्चीला सरकार नसतं, घर नसतं, गुडघे नसतात. बरोबरी झाली तर आहे ती स्थिती राखायची, अशी जुनी संसदीय प्रथा आहे. सभापतींचं मत विरोधात.’ टण्‌.

पार्किंगमध्ये शांतता पसरली. इतिवृत्त लिहिणाऱ्या चिटणिसाचं पेन अडलं. काकू उठल्या, पदर खोचला.

‘सभापती,’ त्या म्हणाल्या, ‘लिफ्ट आज बंदच आहे. सभा संपली की वर या. गॅसवर आमटी आहे, पण वाढायला समसमान मतं पडलीयत. निर्णायक मत माझं.’

काकांनी लगेच बैठक पंधरा मिनिटांसाठी तहकूब केली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथं दिवा संपतो, तिथं ते कठडा धरून बराच वेळ उभे होते, असं वरून येणाऱ्या मुलांनी सांगितलं. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ‘लिफ्ट: फेरविचार’ हा विषय पहिला आहे. खाली टीप: सभापती प्रकृतीच्या कारणास्तव सामान्य सदस्य म्हणून बसतील, मतही देतील. घंटा तळमजल्यावरच्या भाडेकरूकडे पाठवली आहे.