मधल्या छटेचं वेड

गणेशपुरीत मंदिराच्या वाटेवर भगवान नित्यानंदांचे कृष्णधवल फोटो विकायला असतात. बाबांनी 8 ऑगस्ट 1961 रोजी देह ठेवला. आज टॅबलेटवर त्यांचं चित्र काढायचं तर आधार या फोटोंचाच. काढणारे दोन तऱ्हेचे असतात, शहाणे आणि वेडे. मला वेड्यांची बाजू घ्यायची आहे.

शहाणा उजेडाचा एक रंग लावतो, सावलीचा एक लावतो आणि जोडावरून ब्लर फिरवतो. कपाळ गुळगुळीत, गाल गुळगुळीत, नाकही गुळगुळीत. काम हातावेगळं.

वेडा ब्लरला शिवत नाही. ब्रशची ओपॅसिटी कमी करून तो उजेड सावलीवर हलकेच चढवतो, तिथे तयार झालेली मधली छटा आयड्रॉपरने उचलतो आणि जोडावर भरतो. आता एका जोडाचे दोन झाले, म्हणून दोन्हींवर पुन्हा तेच. अख्खी संध्याकाळ एका गालावर जाते. मध्येच चित्र आडवं उलटवून बघतो, डोळे बारीक करून बघतो, लहान करून लांबून बघतो, आणि जमलेलं पुसून टाकतो.

बरं, सगळीकडे सारखं मऊही करत नाही. कपाळाच्या गोलाईवर उजेड हळूहळू ओसरतो, म्हणून तिथे सावली मुरवतो. नाकाची सावली ओठावर पडते, तिला मात्र कड असते. ती नाकाजवळ धारदार आणि लांब जाईल तशी मऊ. ब्लरला हा फरक कळत नाही, तो हाडालाही लोण्यासारखं वागवतो. चेहऱ्याची ओळख तर याच कडांमध्ये असते. रंगीत चित्रात वेडा सावलीच्या काठाला किंचित तांबूस छटा देतो, कारण कातडीत शिरलेला उजेड रक्ताचा रंग घेऊन बाहेर येतो. तिथे नुसता राखाडी भरला की माणूस आजारी दिसतो.

हे वेड आपल्याकडे जुनं आहे. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी आपल्या मुलीला, गीताला, समोर उभं करून दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र केलं. ज्योतीआड धरलेल्या तिच्या बोटांमधून तांबूस उजेड झिरपतो. ही सगळी मऊ उतरण जलरंगातली आहे, जिथे एकदा गडद झालेलं पुन्हा उजळणं फार अवघड. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये ते चित्र आहे, आणि अनेकांना ते अजून राजा रविवर्म्यांचंच वाटतं. इतकी मेहनत आणि वर नाव दुसऱ्याचं! तरी त्या बोटांसमोर उभं राहिलं की वाटतं, असं वेड प्रत्येक चित्रकाराला लागावं.

गणेशपुरीला गेलात तर बाबांचा एक फोटो घेऊन या. क्रिता हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते उतरवून घ्या. पूर्ण चेहरा नको, एकच गाल रंगवा, पण ब्लरशिवाय.