चाकाचं स्थळ बघताना

रोडबाईक घेऊन वर्ष झालं की माणसाला आपली चाकं जड वाटू लागतात. सिंहगडाच्या चढाला धाप लागते ती वयामुळे असेल, अपुऱ्या झोपेमुळे असेल किंवा आदल्या रात्रीच्या पुरणपोळ्यांमुळे असेल. पण या तिन्हींवर इलाज नाही आणि चाकं मात्र बदलता येतात. ज्यांचा निर्णय आधीच झालेला आहे आणि जे आता फक्त कारणं शोधत आहेत, अशा इच्छुकांसाठी हे मार्गदर्शन आहे.

प्रश्न असा की कारखान्यातून तयार आलेला जोड घ्यायचा, की हब, रिम, तारा वेगवेगळ्या आणून कारागिराकडून चाकं बांधून घ्यायची? दोन्हीकडे मध्यस्थ भरपूर आहेत. दोघंही आपल्या स्थळाचं तोंड भरून कौतुक करतात आणि दोघंही एकेक गोष्ट पदराआड ठेवतात. ती काय, ते पुढे येईल.

प्रथम गुणमेलन. पत्रिकेत ३६ गुण असतात आणि १८ जुळले की गुरुजी मान डोलावतात. चाकांचं थेट तसंच आहे. आमच्याकडे रतीब घालणाऱ्या गवळीबुवांच्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा होत्या, कारण मागे दुधाच्या किटल्या लटकत. हाताने बांधलेलं रोडबाईकचं चाक आज २८ किंवा ३२ तारांचं असतं. कारखान्याच्या जोडात पुढे १८ किंवा २० आणि मागे २० किंवा २४ असतात. तारा कमी म्हणजे हवेचा अडथळा कमी, हे खरं. पण तारा कमी झाल्या तरी बसणारा तोच असतो. उरलेल्यांनी जास्त ताण घ्यायचा आणि रिमने जास्त ताठ राहायचं, असा तो हिशेब आहे. घरातली चार माणसं कमी झाली की मोठ्या सुनेचं जे होतं, तेच.

इथे तारेबद्दल दोन शब्द. ३२ तारांच्या चाकात प्रत्येक तार साधारण १०० किलोच्या ताणाने आवळलेली असते, म्हणजे पाऊण-एक किलोच्या या वस्तूत तीन टनांची ओढाताण कायम चालू असते. आपण बसलो की जमिनीकडच्या तीन-चार तारांचा ताण थोडा उतरतो आणि चाक पुढे गेलं की परत चढतो. एका फेरीत चाक सुमारे २.१ मीटर जातं. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीत, साडेतेरा तासांत प्रत्येक तार सुमारे ९५ हजार वेळा सैलावते आणि पुन्हा ताणली जाते. तार ओढली जाते म्हणून सहसा तुटत नाही, ती कंटाळून तुटते. मूळची ढिली असेल तर लवकर कंटाळते.

माझी खंबाटकी उतरून वेळे ओलांडल्यावर कंटाळली. कारखान्याचा जोड, मागे २० तारा. टण्णकन आवाज आला आणि रिम प्रत्येक फेरीला ब्रेकला घासू लागली. सुरूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला पंक्चरचं एक पत्र्याचं दुकान होतं. तिथल्या मामांनी सायकल उलटी केली, चाक फिरवलं, अंगठ्याचं नख रिमजवळ धरून आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, कुठे आहे ते ऐकलं, मग चाक थांबवून तारा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

“सायेब, बाकीच्या तारा कुटं पडल्या?”

“मामा, एवढ्याच असतात याला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गुंठेवारीत फसलेल्या माणसाकडे बघतात तसं. “कितीला बसलं?” मी निम्मी किंमत सांगितली. ते तरीही खाली बसले.

खिळ्याला तारांचा जुडगा टांगलेला होता, पण त्यातली एकही चालणार नव्हती. माझी तार चपटी आणि सरळ, त्यांच्या तारांना हबमध्ये अडकायला टोकाशी बाक. तार रिमपाशी आवळणाऱ्या निपलला त्यांचा पाना बसेना. शेवटी त्यांनी पकडीने तुटलेल्या तारेच्या शेजारच्या दोन्ही तारा ढिल्या केल्या. या शेजारणी हबच्या दुसऱ्या बाजूला ओढत असतात, त्यामुळे त्या सैल केल्या की रिम मधोमध येते. मग ब्रेक थोडा उघडला आणि म्हणाले, “आता हळू जावा.” पैसे घेतले नाहीत. गिऱ्हाईक आधीच लुबाडलेलं आहे, अशी त्यांची खात्री पटली असावी.

ती एक तार मिळायला सहा आठवडे लागले. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढचं चाकही त्यांचंच आहे. तयार जोडवाले पदराआड ठेवतात ती गोष्ट हीच. सगळ्याच जोडांचं असं नसतं. काहींत बाजारात कुठेही मिळणारी बाकाची तार असते. म्हणून दुकानात रिमच्या चकाकीवर बोट फिरवण्याआधी विचारावं, “याची जादा तार आत्ता द्याल का?” विक्रेता कॅटलॉग चाळू लागला तर चहा घेऊन निघावं.

आता दुसरं स्थळ. चाकं बांधणारा चांगला कारागीर पहिला प्रश्न तुमच्या वजनाचा विचारतो. या संपूर्ण मार्गदर्शनातला हा सर्वांत कठीण टप्पा आहे. आयुर्विम्याच्या एजंटाला सांगितलेलं वजन इथे सांगू नये. मी ‘अठ्ठ्याहत्तर’ म्हणालो. त्याने माझ्या पोटाकडे नुसतं बघितलं आणि वहीत ८४ लिहिलं. ते बरोबर होतं.

दुसरा प्रश्न रस्त्यांचा, तिसरा घाईचा. घाई आहे म्हटलं की ‘गुरुवारी या’ असं उत्तर मिळतं, घाई नाही म्हटलं तरी तेच मिळतं. शिंप्याकडे ब्लाउज टाकणाऱ्या कोणत्याही बाईला या गुरुवाराची ओळख आहे.

मात्र एकदा बसून बघावं. हबच्या एकेका भोकातून तार ओवली जाते. प्रत्येक तार आपल्याच बाजूच्या तीन तारांना ओलांडते आणि तिसरीला घासून जाते. व्हॉल्वचं भोक दोन समांतर तारांच्या मोकळ्या जागेत यावं लागतं, नाहीतर पंपाचं तोंड आत जात नाही. आणि त्या भोकातून खाली पाहिलं तर हबवरचं नाव सरळ वाचता यावं. त्याने चाक रतीभरही मजबूत होत नाही. पण नाव तिथे नसेल तर बांधणाऱ्याने बाकी कुठे कुठे कंटाळा केला असेल, असा संशय घ्यायला जागा आहे. शेवटी कारागीर तारांच्या जोड्या मुठीत धरून जोराने दाबतो, म्हणजे पीळ आणि बसायचं राहिलेलं सगळं तिथेच मोकळं होतं. मग एकेक तार बोटाने छेडतो. एका बाजूच्या सगळ्या तारांचा स्वर सारखा लागला पाहिजे. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे कान लावून बसतात, तसा हाही मान तिरकी करून ऐकतो. मागच्या चाकात गिअरच्या बाजूचा स्वर चढा असतो, कारण तिथे तारा उभ्या बसतात आणि जास्त आवळाव्या लागतात. दोन्ही बाजूंना एकच स्वर लागत असेल तर चाक एका अंगाला कललेलं असणार.

हे लोक पदराआड काय ठेवतात? तर हात. ‘हाताने बांधलेलं’ म्हणताना तो हात कुणाचा आणि किती चाकांचा, हे कोणी सांगत नाही. तो तुमच्याच चाकावर शिकत असू शकतो. वाईट बांधलेल्या चाकापेक्षा कारखान्याचं मध्यम चाक कितीतरी बरं, कारण यंत्राचं कालचं जागरण झालेलं नसतं. आणि गंमत म्हणजे कारखान्याच्या कित्येक जोडांवरही ‘हँडबिल्ट’ असं छापलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं. तिथेही शेवटचा आऊट बरेचदा माणूसच काढतो.

तसं पाहिलं तर ‘कस्टम’ हा शब्दच नवा. इंग्लंडात जेम्स स्टार्लीने १८७४ साली तिरप्या तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून पुढची शंभरेक वर्षं शर्यतीची चाकं माणसंच बांधत होती. माविकचं हीलियम १९९६ साली आलं, कॅम्पान्योलो आणि शिमानोही त्या दशकात तयार जोड विकू लागले आणि बघता बघता जुनी रीत खास झाली. जात्यावरच्या पिठासारखं हे. पूर्वी सगळेच खात, आता पाकिटावर छापून दुप्पट भावाने देतात.

वजनाच्या बाबतीत एवढंच, की दोन जोडांत दीडशे ग्रॅमचा फरक असेल तर तो पाण्याच्या बाटलीतल्या चार-पाच घोटांएवढा आहे. उंच कार्बन रिमांचा फायदा खरा आहे, त्या वाऱ्याच्या बोगद्यात तपासलेल्या असतात. पण तो ताशी चाळीसच्या पुढे जाणाऱ्याला नीट कळतो. ताशी चोविसाने जाणाऱ्याला फक्त आडव्या वाऱ्यात कळतो.

तेव्हा निकाल असा. शर्यतीत पळत असाल, वजन सत्तरच्या आत असेल आणि कंपनीचा विक्रेता गावात असेल, तर तयार जोड घ्या, निःशंक मनाने. वजन ऐंशीच्या वर, छंद ब्रेव्हेचा आणि रस्ते आपलेच असतील, तर ३२ तारा, मधे बारीक आणि टोकांना जाड, बाकाच्या. पितळी निपल, ॲल्युमिनियमची रिम. आणि बांधणारा असा, की पहिल्या तीनशे किलोमीटरनंतर चाक घेऊन गेलात तर ओळख देईल.

दोन्हीपैकी काहीही घ्या, पण निपलसकट तीन जादा तारा आजच मागून घेऊन फ्रेमला चिकटपट्टीने बांधून ठेवा. मागच्या चाकाच्या उजव्या आणि डाव्या बाजूच्या तारांची लांबी बहुधा एक-दोन मिलिमीटरने वेगळी असते, तेव्हा दोन्ही मागा.