मेनूकार साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. मेनूकार,
आमच्या महापालिकेचे संकेतस्थळ

विषय : पोटात पोट असलेल्या मेनूबद्दल जाहीर अभिनंदन



शेजारचे काका गेले. बँक, पेन्शन, विमा, सगळीकडे आधी मृत्यूचा दाखला मागतात. म्हणून परवा काकूंना शेजारी बसवून आपलं संकेतस्थळ उघडलं. दाखला आपण फार जपून ठेवला आहे. 'विभाग'वर बाण नेला की 'सार्वजनिक आरोग्य', त्याच्या पोटात 'नोंदणी', तिच्या पोटात 'जन्म-मृत्यू' आणि त्याच्याही पोटात 'दाखले'. बाण मात्र पट्टीने आखल्यासारखा सरळ न्यायचा. जरा तिरका गेला, की दिवा लावल्यावर झुरळं पळावीत तसा अख्खा मेनू पसार! पुन्हा 'विभाग'पासून श्रीगणेशा.

आता हात तिरकाच जाणार; उजवीकडे खाली असलेल्या नावाकडे जायचा तोच जवळचा रस्ता. ॲपलच्या ब्रूस टोग्नाझिनी यांनी हे १९८०च्या दशकातच ओळखलं होतं. बाण पोटमेनूकडे निघालेला दिसला, तर मॅकचा मेनू दम धरून उघडा राहायचा. २०१८ सालच्या 'डब्ल्यूसीएजी २.१' या वेबच्या सुगम्यता-निकषांतही हेच आहे : बाण नेल्यावर जे उघडतं, ते बाण त्यावर सरकवताना मिटता कामा नये. असलं बाहेरचं वारं आपण लागू दिलं नाहीत, याचं कौतुक वाटतं.

मोबाइलवर तर बाणच नाही. 'विभाग'वर बोट टेकवलं की विभागाच्या ध्येयधोरणांचं पान उघडतं.

संकेतस्थळ बनवायच्या वर्डप्रेससारख्या साधनात मेनूतलं एखादं नाव धरून जरासं उजवीकडे ओढलं की ते वरच्याच्या पोटात जातं. इतकं सोपं आहे, म्हणून ओढतच गेलात? काकूंनी विचारलं, "गेलेल्या माणसाला आरोग्य विभागात का शोधायचं?" द्या उत्तर! १९६९च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद व्हायला हवी, ती झाली. नागरिकाचं काम संपलं. कोणता विभाग कोणाच्या हाताखाली येतो, हे नवरा गेलेल्या बाईने पाठ करायचं? लाज वाटायला हवी. आयुक्तांचा संदेश मात्र, फोटोसकट, एका क्लिकवर!

तरी तुमची कीवही येते. असा मेनू एकट्याच्या डोक्यातून निघत नाही. बैठकीत प्रत्येक विभागप्रमुखाला आपलं नाव वरच्या पट्टीत हवं असणार, आणि सगळ्यांची मर्जी राखत तुम्ही एकेक नाव कुणाच्या तरी पोटात कोंबलं असणार. त्या बैठकीत काकूंच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. निदान तुम्ही तरी बोलायचं होतंत.

दाखला शेवटी काकूंनी रिक्षा करून वॉर्ड ऑफिसातून आणला. तिथल्या खिडकीवर पाटी आहे : 'जन्म-मृत्यू दाखले'. एवढेच शब्द मेनूच्या पहिल्या ओळीत घाला. शेजारी घरपट्टी, पाणीपट्टी आणि तक्रार. आयुक्तांचा संदेश खुशाल कोणाच्याही पोटात ढकला. तो शोधत कोणी येत नाही.

आपला,
एक करदाता