तोंडातला मांडव

आमच्या घरात दातांचा विषय निघाला तो धाकटीच्या अंगठ्यामुळे. ती तेव्हा आठ वर्षांची. वरचे पुढचे दोन दात आले ते भाऊबंदकी झाल्यासारखे, मध्ये सुपारीचं खांड बसेल एवढा बांध सोडून. त्यात झोपेत अंगठा तोंडात. बायको म्हणाली, "हिला तारा लावाव्या लागणार."

ओट्याशी लसूण सोलत बसलेल्या आईनं मान वर केली. "तारा? तोंड हाय का द्राक्षाचा मांडव?"

आईचं माहेर तासगावकडचं. लग्न होऊन पुण्याजवळच्या मांजरीत आली त्याला अर्धं शतक होत आलं. इथं भोवताली ऊस, पण तिच्या लेखी जगात पीक एकच, द्राक्ष. १९९७ साली मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं तेव्हा, माहेर उशिरा का होईना पण चालत आलं, असं तिला वाटलं होतं. २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेलं, तेव्हा मात्र तिनं एवढंच विचारलं होतं, "म्हंजे आता नळाला पाणी येनार का?"

तर आम्ही सगळे हडपसरला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. सगळे, कारण पेशंट एकच असला तरी मागं राहायला कुणी तयार नव्हतं. ज्यांच्याकडे गेलो त्या मॅडम ऑर्थोडॉन्टिस्ट. म्हणजे आधी पाच वर्षं साध्या दातांचं शिक्षण आणि वर तीन वर्षं फक्त वाकड्यांचं. एकूण आठ. मी इंजिनिअरिंगला सहा घेतली होती, पण ती नापास होऊन.

मॅडमनी धाकटीचं तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "हिचं आत्ता काहीच करायचं नाही."

आम्ही चौघंही नाराज झालो. डॉक्टरनं औषध दिलं नाही की आपल्याकडे येणं वाया गेल्यासारखं वाटतं. मग मॅडमनी समजावलं. या वयात निम्मे दात दुधाचे, निम्मे कायमचे. वरचे सुळे हिरडीतून खाली सरकताना पुढच्या दातांची मुळं दाबतात, म्हणून दात फाकतात. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे उतरले की ही फट बहुतेक वेळा आपोआप मिटते. या अवस्थेला त्यांच्या शास्त्रात 'कुरूप बदकाचं पिल्लू' म्हणतात. "पण अंगठा सुटला पाहिजे. नाहीच सुटला तर टाळूला छोटी जाळी बसवू. आणलंत ते बरं केलंत. सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा दाखवावंच. वरचा जबडा अरुंद असेल तर रुंद करता येतो, खालचा मागं असेल तर पुढं यायला मदत करता येते. हाडं वाढत असतात तोवरच हे सोपं."

"कोवळी काडी हाय," आई म्हणाली. "वळवाल तिकडं वळंल."

"अगदी बरोबर, आजी!" मॅडम म्हणाल्या, आणि त्या क्षणापासून तपासणीचा ताबा आईकडे गेला.

थोरला चौदा वर्षांचा. बहिणीला 'बदक' म्हणून खिदळत होता. हसला नसता तर वाचला असता. मॅडमनी त्याचे पुढं आलेले दात पाहिले आणि त्याला खुर्चीत बसवलं. "हा दुसऱ्या वर्गात येतो."

"नववीत हाय त्यो," आई म्हणाली.

मग कळलं की हा वर्ग शाळेचा नव्हे. एडवर्ड अँगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १८९९ मध्ये वरच्या आणि खालच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात हे पाहून वाकड्या दातांचे तीन वर्ग पाडले. अजून तेच चालतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दातांचे कोन मोजणाऱ्या माणसाचं आडनावच कोन असावं, याला म्हणतात कुंडली.

"जागा कमी आहे. वरच्या दोन उपदाढा काढाव्या लागतील," मॅडम म्हणाल्या. मी आणि बायको चपापलो. आई शांत होती. "विरळणी. घड दाट झाला तर मनी काढावंच लागत्यात."

त्यानंतर दरपत्रक आलं. रसवंतीसारखंच ते. साधा, आलं-लिंबू मारून, बिनबर्फाचा. धातूचे ब्रॅकेट सगळ्यांत स्वस्त आणि दणकट. सिरॅमिकचे दाताच्या रंगाचे, महाग. दातांच्या आतून, जिभेकडून लावायचे आणखी महाग. आणि कुणाला दिसू नयेत असे पारदर्शक अलाइनर. थोडक्यात, जितकं कमी दिसेल तितके पैसे जास्त. आकडा ऐकून माझी दातखीळ बसली, ती मात्र फुकट. डेंटल कॉलेजात शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी हेच काम कमी खर्चात करतात, असंही मॅडमनीच सांगितलं. पण थोरल्यानं धातूचे निवडले. त्यांत रबराच्या कड्यांचे रंग दर वेळी बदलून मिळतात म्हणून.

त्याच्या तोंडात गेलेली पहिली तार निकेल-टायटॅनियमची. हा मिश्रधातू अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला, आणि १९७०च्या दशकात दातांवर आला. तो आपला मूळ आकार विसरत नाही. वाकवून वाकड्या दातांना बांधा, तोंडाच्या उबेत तार हळूहळू सरळ व्हायला बघते आणि दातांना सोबत ओढते. दात ज्या बाजूला दाबला जातो तिकडचं हाड विरघळतं, मागं मोकळ्या होणाऱ्या जागेत नवं भरतं. म्हणजे रस्ता रुंदीकरणच. एका बाजूचं पाडायचं, दुसऱ्या बाजूला भराव. वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर. संध्याकाळी सहानंतर सोलापूर रस्त्यावरून घरी येणाऱ्याला हा वेग समजावून सांगावा लागत नाही. जोर लावून लवकर होईल का, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "जास्त जोर लावला तर दात अडून बसतो. हलका हात, पण सतत." आईनं माझ्याकडे पाहिलं. घरातली कामं तिनं चाळीस वर्षं माझ्याकडून याच पद्धतीनं करून घेतली आहेत.

मग पथ्य. कडक काही खायचं नाही. भाकरीचा पापुद्रा नाही, पेरू नाही, शेंगदाण्याची चिक्की नाही, ऊस तर नाहीच. १९७५ पासून उसाचा अभ्यास करणाऱ्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या गावात राहून माझ्या पोराला दोन वर्षं कांडकं दातानं सोलायची बंदी! पूर्वी दात होते तर चणे नव्हते, चणे आले तोवर दात गेले. आमच्याकडे दातही आहेत, चणेही आहेत, फक्त डॉक्टरांची परवानगी नाही. आणि दात कोरून पोट भरत नाही हेही मला आता तितकंसं पटत नाही. जेवणानंतर आरशासमोर उभा राहून थोरला बारीक ब्रशनं जेवढी मेथी बाहेर काढायचा, तेवढ्यात एका माणसाची भाजी झाली असती.

उठताना मी एक चूक केली. तोंड उघडून विचारलं, "मोठ्या माणसांचं पण होतं का हो?"

मॅडम वाकून बघतच राहिल्या. खालचे पुढचे चार दात बसच्या दारात लटकल्यासारखे उभे होते. "होतं की. दात कुठल्याही वयात हलतात. फक्त जबडा आता वाढणार नाही. जबड्यातच दोष असता तर शस्त्रक्रिया करावी लागली असती. तुमच्या हिरड्या आधी दुरुस्त करू."

"जून खोड हाय," आई म्हणाली. "टायम लागंल."

मी अलाइनर घेतले. पंचेचाळिसाव्या वर्षी ऑफिसात तारा दाखवत हिंडायची हिंमत नव्हती. एकूण २६ जोड, दर पंधरा दिवसांनी नवा. दिवसाचे बावीस तास तोंडात, काढायचे ते खाताना आणि पाणी सोडून काहीही पिताना. पाणी सोडून काहीही म्हणजे आपल्याकडे चहा. दिवसाला सात चहा, प्रत्येकाला काढा, प्या, चूळ भरा, घासा, घाला. आठवड्यात सातावरून दोनावर आलो. तोंडात ते असताना 'स' आणि 'श' एकाच घरात राहायला आले. फोनवर 'सातबारा' म्हणालो की तलाठी "कोण?" म्हणून विचारायचे.

नवव्या जोडाला घात झाला. सकाळी चहासाठी अलाइनर काढून ट्रेमध्ये ठेवला आणि पेपरात डोकं घातलं. आईनं ट्रे उचलला. गोळ्या संपलेलं पाकीट समजून ते प्लॅस्टिक तिनं इमानदारीत सुक्या कचऱ्यात टाकलं. ओला-सुका वेगळा करण्यात तिचा हात कुणी धरत नाही. मला कळलं तेव्हा घंटागाडी गाणं वाजवत कोपऱ्यावरून वळत होती.

बनियन आणि लेंग्यावर मी धावलो. गाडी थांबली. वरच्या ताईंनी विचारलं, "काय गेलं, दादा?"

"दाताचं," मी धापा टाकत म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "हायेत की सगळे."

तोवर गल्ली गोळा झाली. काहींनी कवळी म्हणून शोधायला सुरुवात केली, एकानं सोन्याचा दात म्हणून, आणि त्याच्या बाजूला गर्दी जास्त होती. अलाइनर मिळाला नाही. मिळाला असता तरी घालण्याची छाती झाली नसती. मॅडमना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "आठवा जोड ठेवलाय ना? तो घाला. नवीन करून देते." मागचा जोड टाकायचा नसतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. त्या वेळी मी आकड्याकडे बघत होतो.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. थोरल्याच्या तारा निघाल्या, माझे जोड संपले. धाकटीचा अंगठा सुटला, सुळे उतरले आणि भाऊबंदकी आपसांत मिटली. जिच्यासाठी गेलो होतो तिला एक रुपयाही लागला नाही.

शेवटच्या दिवशी मॅडमनी मला आणि थोरल्याला एकेक डबी दिली. रिटेनर. आधी दिवसभर, मग रोज रात्री. दात सरळ झाले तरी जुन्या जागेची ओढ सुटत नाही. आधार काढला की निघाले परत.

"किती दिवस घालायचा?" मी विचारलं.

"दात सरळ राहावेत असं वाटतंय तोवर."

म्हणजे कायमच. मी गाडीत कुरकुरलो. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "बाग लागली म्हनून मांडव काढून ठिवतो का रं कुनी?"

आता रात्री आमच्या बेसिनच्या फळीवर तीन भांडी असतात. आईची कवळी झोपताना वाटीत जाते, माझा आणि थोरल्याचा रिटेनर डबीतून तोंडात येतो. दिवा घालवताना आई दारातून काहीतरी म्हणते, मी पलंगावरून काहीतरी म्हणतो. तिच्या तोंडात काही नाही आणि माझ्या तोंडात जास्त आहे, त्यामुळे एकमेकांचं अक्षर कळत नाही. बहुतेक ती विचारते, "घातलास का रं?" आणि मी म्हणतो, "घातला." ते मात्र 'घाटला' असं ऐकू येतं.