शून्य मार्क, पहिला नंबर

युनिक्सच्या शाळेत कमांड संपताना जो एक्झिट कोड देते, त्यात शून्य मिळवणारा पास, १ ते २५५ मिळवणारे सगळे नापास. यश एकाच तऱ्हेचं, अपयशाच्या तऱ्हा अनेक, म्हणून ही सोय. १२७ म्हणजे असली कमांडच सापडली नाही. १२६ म्हणजे सापडली, पण चालवता येईना. १३७ म्हणजे कुणीतरी प्रोसेसचा गळा दाबला. बहुधा मेमरी संपली म्हणून कर्नलनेच. इतका खरा मृत्यूचा दाखला माणसालाही मिळत नाही.

आणि आम्ही काय करतो? बिल्ड स्क्रिप्टमध्ये ओळीच्या शेवटी दोन उभ्या दांड्या मारून पुढे 'ट्रू' लिहितो. म्हणजे घर जळो की बुडो, वर 'सर्व आलबेल' कळवा.

याहून सभ्य पद्धतही आहे. 'मेक'चं आउटपुट पाइपातून 'टी'कडे सोडायचं. (चहाशी संबंध नाही, ती लॉग लिहून घेणारी कमांड.) बॅश पाइपातल्या शेवटच्याचाच निकाल धरतं. कम्पायलर आडवा पडला तरी कारकुनाने नोंद नीट केली ना? मग बिल्ड हिरवा! बॅशचा 'पाइपफेल' हा पर्याय लावला की बिंग फुटतं. म्हणूनच तो लावायचा राहून जातो.

पण खरी बहार पुढे आहे. काही स्क्रिप्टा नापास टेस्टची संख्याच एक्झिट कोड म्हणून पाठवतात. २५५ पडल्या तर बोंबाबोंब. २५६ मात्र आठ बिटांत मावत नाही, हाती उरतं शून्य. तेव्हा अडलात तर आणखी एक टेस्ट पाडा आणि पेढे मागवा.